चौदा तारखेची चांदणी

सूर्य तरी चुकला नाहीतर शाळेची इमारत तरी, असं दुसरीच्या वर्गातली बत्तीस मुलं, त्यांच्या बाई, मोठ्या बाई आणि एक निवृत्त ओव्हरसियर अशा सगळ्यांना तीन दिवस वाटत होतं. चूक दोघांचीही नाही, हे फक्त मला माहीत होतं. असलं गुपित पोटात ठेवून हिंडणं सोपं नसतं. त्या तीन दिवसांत मला ऊन अंगावर घ्यायचीही लाज वाटायची. घरातून निघालो की मी सावलीसावलीने जायचो.

सुरुवात अगदी साध्या चिठ्ठीने झाली. माझी मुलगी दुसरीत आहे. घरात आम्ही तिला मुंगी म्हणतो, कारण ती लहान आहे, सतत काहीतरी उचलून नेत असते आणि अडवलं तर चावते. नोव्हेंबर संपताना तिने शाळेतून एक चिठ्ठी आणली. डिसेंबर आला की तिच्या शाळेत प्रत्येक वर्ग वर्षअखेरचा काहीतरी आनंद करतो, आणि तो आनंद पालकांनी घरी बसून कापायचा, चिकटवायचा आणि रंगवायचा असतो. मागच्या वर्षी कागदाच्या सहाकोनी चांदण्या होत्या. घडी घालून कापायचं आणि उलगडायचं. मी कापलेली चांदणी उलगडली तेव्हा तिचे दोन तुकडे हातात आले. मुंगीने ते दोन वेगळ्या चांदण्या म्हणून बाईंना दिले आणि मला बसवून ठेवून बाकीच्या स्वतः कापल्या. तेव्हापासून आमच्या घरात कात्रीवर माझा हक्क राहिलेला नाही.

यंदाच्या चिठ्ठीत मात्र कापायचं-चिकटवायचं काही नव्हतं. बाईंनी लिहिलं होतं, ‘या डिसेंबरात आपण सूर्य वळण्याची वाट पाहणार आहोत. तो वळेल त्या दिवशी वर्गात आनंदाचा दिवस. तारीख सूर्य ठरवेल.’

मी चिठ्ठी दोनदा वाचली आणि पाण्याचा ग्लास मागितला.

बेत असा होता. दुसरीच्या वर्गाला दक्षिणेच्या बाजूने अगदी छताशी एक लहान खिडकी आहे. बाईंनी तिच्यावर काळा पुठ्ठा लावला आणि पुठ्ठ्याला दाभणाने एक भोक पाडलं. त्या भोकातून उन्हाचा एक कवडसा लांब खाली फरशीवर पडायचा, साधारण लिंबाएवढा. फरशीवर एक लांब कागदी पट्टी चिकटवलेली. रोज बरोबर बारा वाजता एका मुलाने कवडशाच्या पुढच्या कडेला पेन्सिलीने टिंब करायचं, टिंबाशेजारी आपली कागदी चांदणी लावायची, कालच्यापासून अंतर मोजायचं आणि वहीत त्या दिवसाचं एक वाक्य लिहायचं. डिसेंबरात सूर्य रोज थोडा खाली उतरतो, म्हणून कवडसा रोज थोडा वर्गाच्या आत सरकतो. मग एक दिवस येतो, सूर्य थांबतो आणि वळतो. कवडसा मागे फिरतो आणि दिवस मोठे व्हायला लागतात. हे मीही शाळेत शिकलो होतो. पण माझ्या वेळी सूर्य पुस्तकातच वळायचा आणि त्याला दोन गुण असायचे.

अडचण रविवारची होती. रविवारी शाळा बंद आणि सूर्य चालू. ‘रविवारी कोण टिंब करणार?’ असं बाईंनी विचारल्याबरोबर मुंगीने हात वर केला.

“माझे बाबा करतील,” ती म्हणाली. “माझे बाबा बघितल्याशिवाय आकडा लिहीतच नाहीत.”

हे वाक्य माझंच. मी पाणीखात्यात मीटर वाचतो. घरोघर जायचं, जिन्याखालच्या, न्हाणीघरामागच्या, कुत्र्याच्या पाठीमागच्या मीटरचं झाकण उघडायचं, आकडा बघायचा आणि वहीत लिहायचा. एकोणीस वर्षांत माझा आकडा कुणी खोटा ठरवलेला नाही, हे मी घरी जेवताना इतक्या वेळा सांगितलंय की बायको त्या वेळी मीठ वाढायला उठते. एक गोष्ट मात्र मी मुंगीला कधी सांगितली नव्हती. घराला कुलूप असलं की आम्ही वहीत ‘दार बंद’ लिहितो आणि मागच्या महिन्यांवरून सरासरी काढून आकडा टाकतो. त्यात लबाडी काही नाही. खात्याच्या नियमातच ते आहे, परिशिष्टासकट.

पहिल्या रविवारी, म्हणजे सात तारखेला, आम्ही बापलेक शाळेत गेलो. शिपाईमामांनी किल्ल्यांची नोंदवही पुढे केली. तिच्यात ‘किल्ली कशासाठी’ असा एक रकाना होता.

“काय लिहू?” मी विचारलं.

“साफसफाई, दुरुस्ती नाहीतर मतदान,” मामा म्हणाले. “रविवारी वर्ग एवढ्याच कारणांसाठी उघडतो.”

“आम्ही सूर्य बघायला आलोय,” मुंगी म्हणाली.

मामांनी आकाशाकडे बघितलं. तिथे सूर्य होताच, आणि त्याला बघायला किल्ली लागत नव्हती. पण बाईंनी मोठ्या बाईंच्या सहीचं पत्र दिलं होतं. ते मामांनी उलटसुलट वाचलं, आणि ‘दुरुस्ती (सूर्य)’ असं लिहून घेऊन किल्ली दिली.

रिकाम्या वर्गात आम्ही बारा वाजायच्या दहा मिनिटं आधीच पट्टीशेजारी उकिडवे बसलो. छोटी बाकं, भिंतीवर पाढे, फळ्यावर शनिवारची तारीख. कवडसा पट्टीपासून वीतभर लांब होता. मी म्हटलं, “हा अजून आलेला नाही.” मुंगी म्हणाली, “बोलू नका, तो चालतोय.”

आणि तो चालत होता. मी खोटं सांगत नाही. फरशीवर एक बारीक तडा होता, कवडशाची कड त्या तड्याला टेकली, मी बघतोय तोवर तडा उजळला, पुन्हा अंधारात गेला आणि कवडसा पुढे आला. घड्याळाचा मिनिटकाटा जेवढा दिसतो तेवढं ते चालणं दिसत होतं. चाळीस वर्षं मी या पृथ्वीवर राहतोय, तिच्यावर एकोणीस वर्षं मीटर वाचतोय, पण ती फिरते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. मी नकळत फरशीवर हात टेकवले, न जाणो, तोल जायचा.

“बाबा, आपण पण फिरतोय ना आत्ता?” मुंगीने कुजबुजत विचारलं.

“हो.”

“बाकसुद्धा?”

“बाकसुद्धा. शिपाईमामासुद्धा.”

ती तोंडावर हात ठेवून हसली. बरोबर बारा वाजता तिने टिंब केलं. कालच्यापेक्षा अंगठ्याच्या नखाएवढं पुढे आणि किंचित बाजूला. ते बाजूला का जातं हे मी नंतर बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “वर्षभर रोज टिंब केलं तर इंग्रजी आठचा आकडा तयार होतो म्हणे. मी पण अजून पाहिलेला नाही.” फरशीवर सूर्य वर्षभर आठ काढत असतो आणि आपण त्याच्यावर बाक ठेवून बसतो. त्या रात्री मला नीट झोपच आली नाही.

एवढं सगळं पाहिलेल्या माणसाने पुढच्या रविवारी जे केलं, त्याला क्षमा नाही.

चौदा तारखेला मुंगीला ताप होता. ती अंथरुणातून म्हणाली, “बाबा, चांदणी घेतली ना? माझी लाल. आणि बघूनच करा हं.” मी म्हटलं, “हे सांगायला लागतं का मला?” आणि निघालो.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी मी मामांपुढे पत्र ठेवलं.

“हे मागच्या रविवारचं,” मामा म्हणाले.

“काम तेच आहे.”

“काम तेच, पण पत्रात ‘या रविवारी’ लिहिलंय. तो रविवार गेला.”

मीही सरकारी माणूस आहे. त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो, आणि हेच जास्त झोंबलं. मामांनी मोठ्या बाईंना फोन लावला. मोठ्या बाई कुठल्याशा लग्नात होत्या. मागे इतका गोंगाट चाललेला की त्यांना वाटलं वर्गाची खिडकी फुटली. त्यांनी आधी आमचं सांत्वन केलं, मग काचेची चौकशी केली, आणि खिडकी शाबूत आहे हे कळल्यावर ‘मग फोन कशाला केलात?’ असं विचारलं. शेवटी परवानगी मिळाली. नोंदवहीत लिहिलं, सही केली, सहीखाली वेळ टाकली. वेळ होती बारा वाजून सात मिनिटं.

मी वर्गात धावत गेलो. कवडसा पट्टी ओलांडून चांगला वीतभर पलीकडे गेला होता आणि शांतपणे बाकाच्या पायाशी पोचत होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्याला ‘जरा मागे ये’ म्हणायची सोय नव्हती.

रिकामी पट्टी, हातात लाल चांदणी, घरी तापलेलं पोर. खरं म्हणजे जागा रिकामी सोडायची, एवढं साधं होतं. पण एकोणीस वर्षांची सवय हातात असते, डोक्यात नसते. मी गुडघ्यावर बसलो, पहिल्या तारखेपासून शनिवारपर्यंतचं अंतर फूटपट्टीने मोजलं, दिवसांनी भागलं आणि तेवढं पुढे जाऊन टिंब केलं. सरासरी. चांगली काटेकोर काढली होती. टिंबाशेजारी लाल चांदणी लावली आणि ती इतकी छान दिसली की मला मनातून समाधानसुद्धा वाटलं.

“बघितलात?” घरी गेल्यावर मुंगीने विचारलं.

“चांदणी लावली,” मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. बायकोने मात्र वळून माझ्याकडे बघितलं. ती पोस्टाच्या खिडकीत बसते. अर्धवट पत्ता तिच्या नजरेतून सुटत नाही.

“वेळेवर पोचलास ना?”

“त्या शिपाईमामांनी बघ ना...” असं म्हणून मी शिपाईमामांचीच गोष्ट इतकी रंगवून सांगितली की मूळ प्रश्न बाजूला राहिला.

आता सूर्याची एक गोष्ट मी विसरलो होतो. मीटर महिन्याला सारखं फिरतं, सूर्य सारखा चालत नाही. तो वळणाच्या जवळ आला की पावलं लहान करतो. महिन्याच्या सुरुवातीला कवडसा रोज बोटभर सरकत होता, तो आता जेमतेम दोन-तीन दोऱ्यांएवढा सरकत होता. म्हणजे माझी सरासरी सूर्याच्या पुढे जाऊन बसली होती. सोमवारी बारा वाजता कवडसा आला, तो लाल चांदणीच्या मागेच थांबला.

वर्गात एकच आरडाओरडा झाला.

“वळला! सूर्य वळला!”

मुंगीचा ताप उतरला होता, ती शाळेत होती. तिने घरी येऊन सगळं करून दाखवलं. मुलं बाकांवर चढली. एक जण रडला, का ते त्यालाच माहीत नव्हतं. सूर्य आठवडाभर आधीच का वळला, यावर चर्चा झाली. एकाचं म्हणणं, तो काहीतरी विसरला म्हणून परत गेला. दुसरीचं म्हणणं, त्याला यांच्या वर्गाची मेजवानी लवकर हवी होती. बाई बिचाऱ्या कितीतरी वेळ पट्टीकडे बघत होत्या. पुस्तकात एक आणि फरशीवर दुसरं. पण पहिल्याच दिवशी त्यांनी मुलांना सांगितलं होतं, ‘जे दिसेल तेच लिहायचं.’ म्हणून त्यांनी ते लिहू दिलं.

“आणि बाबा,” मुंगी म्हणाली, “सगळ्यांत पुढची चांदणी आपली आहे! सूर्य जिथपर्यंत आला ते फक्त तुम्ही बघितलंत. बाई म्हणाल्या, मेजवानीच्या दिवशी मी सांगायचं सगळ्यांना, माझ्या बाबांनी काय बघितलं ते.”

मी ताटातला भात उगाच कालवत राहिलो. या वेळी बायको मीठ वाढायला उठली नाही.

त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. पण समोर ते तापातून उठलेलं तोंड, त्यावर एवढा मोठा आनंद. उद्या सांगू, असं म्हटलं. मनाशी ठरवलेली सगळी धाडसं मी उद्यावरच टाकत आलोय.

मंगळवारी कवडसा सोमवारच्या टिंबापुढे सरकला. म्हणजे सूर्य मागे गेला होता तो पुन्हा पुढे निघाला. आता मात्र बाई घाबरल्या आणि त्यांनी मोठ्या बाईंना बोलावलं. मोठ्या बाईंनी पट्टी बघितली, भोक बघितलं, आणि नेमके आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे ओव्हरसियरकाका त्यांना आठवले. काका इमारती बांधून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर जिथे जातात तिथे भिंतीला टिचकी मारतात. भिंत सरळ आहे का ते बघायचा ओळंबा त्यांच्या खिशात किल्ल्यांसारखा असतो.

संध्याकाळी जिन्यात त्यांनी मला गाठलं.

“तुझ्या मुलीच्या शाळेचं ऐकलंस?”

“काय?” मी म्हणालो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात तर लाल चांदणी होती.

“अरे, सूर्याला मी सत्तर वर्षं ओळखतो. तो असला पोरखेळ करणार नाही. पुढे मागे सूर्य झालेला नाही, इमारत झालीय! पाया बसतोय. रविवारी भिंत कलली, म्हणून भोक कललं, म्हणून कवडसा पुढे पडला. सोमवारी थोडी सावरली. उद्या काय करेल सांगता येत नाही.”

“काका, इमारत अशी सावरते?”

“तू मीटर वाच,” काका म्हणाले. “इमारतीचं आम्हाला कळतं.”

नाचता येईना अंगण वाकडं, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय, पण माझ्यापायी एका शाळेचं अंगण खरोखर वाकडं ठरेल असं कधी वाटलं नव्हतं. रात्री बायकोने दिवा मालवण्याआधी एवढंच म्हटलं, “उद्या अर्धी रजा टाक.” तिने मला काही विचारलं नाही, त्यामुळे नाही म्हणायला जागाच उरली नाही.

बुधवारी साडेअकराला मी शाळेत पोचलो, तर दुसरीचा वर्ग व्हरांड्यात बसला होता. बाकं बाहेर, दप्तरं बाहेर, मुलं सतरंजीवर. वर्गाच्या दाराला कुलूप आणि त्यावर मोठ्या बाईंच्या अक्षरात ‘वर्ग धोकादायक. तपासणी होईपर्यंत बंद.’ ओव्हरसियरकाका भिंतीशी ओळंबा धरून उभे होते आणि ओळंबा भिंतीला अगदी समांतर लटकत होता. त्याचं त्यांना दुःख झालेलं दिसत होतं. तीन-चार पालकही आले होते. एक जण म्हणत होते की तडा त्यांनी स्वतः पाहिलाय. तो फरशीतला तडा माझ्या ओळखीचा होता.

“तपासणीला किती दिवस?” मी मोठ्या बाईंना विचारलं.

“अर्ज गेलाय. महिना तरी जाईल.”

महिना. म्हणजे सूर्य वळणार, आणि या बत्तीस जणांना ते दिसणार नाही. वर्गात कवडसा येणार, पट्टीवरून जाणार, आणि बघायला कुणी नसणार.

मुलं बंद दाराच्या फटीला डोळे लावून बसली होती. बारा वाजायला बारा मिनिटं होती. त्या दिवशी टिंब करायची पाळी होती त्या मुलीच्या हातात पेन्सिल आणि निळी चांदणी होती. चांदणी हातात धरून धरून चुरगळली होती. मुंगीने मला बघितलं आणि धावत आली. तिच्या चेहऱ्यावर एकदम हुश्श आलं, घरातलं कुणी कामाचं माणूस आल्यावर येतं तसं.

“बाबा, तुम्ही सांगा हिला,” ती म्हणाली. “तुम्हाला माहिती असतं. दार बंद असलं की काय लिहायचं?”

एकोणीस वर्षांत हा प्रश्न मला वरिष्ठांनी विचारलाय, परीक्षेत विचारलाय, आणि मी झोपेतसुद्धा उत्तर देऊ शकतो. त्या व्हरांड्यात मात्र मला ते उत्तर देता येईना. सगळी मुलं माझ्याकडे बघत होती. मी त्यांच्यासमोर सतरंजीवर बसलो.

“काही लिहायचं नाही,” मी म्हणालो. “जागा मोकळी सोडायची. मी सोडली नाही. रविवारी मी उशिरा पोचलो. कवडसा निघून गेला होता. मी बघितलाच नाही. मी हिशेब करून अंदाजाने टिंब केलं. सूर्य वळला नाही, इमारत कलली नाही. मी खोटं टिंब केलं.”

हे शेवटचं वाक्य मी जरा मोठ्याने बोललो असणार, कारण ओव्हरसियरकाकांच्या हातातला ओळंबा डोलायला लागला. मोठ्या बाईंनी चष्मा काढला. पालकांपैकी एकाने ‘पाणीखात्यात ना हे?’ असं दुसऱ्याला विचारल्याचं मी ऐकलं. माझ्या अब्रूचं तिथल्या तिथे पाणी झालं. पण मी बघत होतो मुंगीकडे. तिच्या तोंडावरचं हुश्श गेलं. ती मागे सरकून मुलांच्या रांगेत जाऊन उभी राहिली, आणि मी एकटाच सतरंजीवर राहिलो.

“बारा वाजायला सात मिनिटं आहेत,” बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, घाई होती. “मोठ्या बाई, किल्ली!”

मामांनी नोंदवही आणली. कारणाच्या रकान्यात मी ‘माझी चूक’ लिहिलं आणि सही केली. मामांनी ते वाचलं, आणि यादीत बसत नसूनही किल्ली दिली. त्या माणसाबद्दल माझ्या मनात तेव्हापासून फार आदर आहे.

बत्तीस मुलं, चार-पाच पालक, दोन बाई, एक ओव्हरसियर आणि एक शिपाई, सगळे पट्टीभोवती उकिडवे बसले. कवडसा चालत आला. त्याने तडा उजळवला, विझवला. ओव्हरसियरकाका एकदम म्हणाले, “अरे, हा चालतोय!” आणि बत्तीस मुलांनी त्यांना “शू!” केलं. काकांनी तोंडावर बोट ठेवलं. बारा वाजता निळ्या चांदणीचं टिंब पडलं. लाल चांदणीच्या केसभर पुढे.

“चुकलेला आकडा तुमच्या खात्यात कसा दुरुस्त करतात?” बाईंनी मला विचारलं.

“खोडत नाहीत,” मी म्हणालो. “एक रेघ मारायची, जुना आकडा दिसला पाहिजे, आणि शेजारी सही.”

“मग करा.”

मी लाल चांदणीच्या टिंबावर रेघ मारली आणि जमिनीवर पालथा पडून सही केली. चौदा तारखेचं वाक्य वहीत अजून लिहायचं राहिलं होतं. बाईंनी वही मुंगीपुढे धरली. तिने हाताचा आडोसा करून काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

घरी चार दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मीठ द्या, दार लावा. एकवीस तारखेचा रविवार जवळ आला तसं तिने बाईंना सांगितलं, “या रविवारी माझी आई येईल.” हे मला बायकोने सांगितलं, आणि सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. मी म्हटलं, बरोबरच आहे. आणि पेपर तोंडापुढे धरला. काय वाचलं ते विचारू नका.

रविवारी सकाळी नऊ वाजता कुणीतरी माझ्यापुढे माझ्या चपला आणून ठेवल्या.

“उठा,” मुंगी म्हणाली. “उशीर होईल.”

“आई जाणार होती ना?”

“आई पण येतेय. पण टिंब तुम्ही करायचं. बघून.”

आम्ही दोन तास आधी पोचलो. मामांनी स्वतःहून नोंदवही पुढे केली, कारणाच्या रकान्यात ‘सूर्य’ असं आधीच लिहून ठेवलेलं. यादीत त्यांनी ते कारण कायमचं घातलंय. आणि आम्ही काही एकटे नव्हतो. बोलावलं नसताना निम्मा वर्ग आला होता, ओव्हरसियरकाका इस्त्रीचा सदरा घालून आले होते. बारा वाजता मी टिंब केलं. ते शनिवारच्या टिंबाच्या अगदी शेजारी पडलं. किंचित बाजूला, पण पुढे केसभरसुद्धा नाही. सोमवारी तसंच, मंगळवारी तसंच. एवढा मोठा सूर्य, आणि तो पेन्सिलीच्या एका टिंबाशी थांबला होता. त्या तीन दिवसांत दुसरीच्या वर्गात कुणी मोठ्याने बोललं नाही म्हणे. त्याला वळायला जागा हवी म्हणून मुलांनी बाकंसुद्धा मागे ओढली होती.

चोवीस तारखेला, सुट्टीआधीच्या शाळेच्या शेवटच्या दिवशी, कवडसा पेन्सिलीच्या टोकाएवढा मागे आला. यावेळी आरडाओरडा झाला नाही. बत्तीस मुलांनी एकदम श्वास सोडला, तेवढाच आवाज. मग खाऊ निघाला, टोप्या निघाल्या, आणि जो काही गोंधळ व्हायचा तो झाला. शेवटी प्रत्येकाने आपापल्या दिवसाचं वाक्य वाचायचं होतं. एकीने ‘आज सूर्य माझ्या चपलेवर आला’ वाचलं. एकाने ‘पृथ्वी फिरताना आवाज येत नाही’ वाचलं. मग मुंगी उभी राहिली. मी अंग चोरून शेवटच्या छोट्या बाकावर बसलो होतो, गुडघे छातीशी. माझ्या नावाचं काय निघतं, म्हणून मान खाली घातली.

माझं नाव त्यात नव्हतंच. तिने वही दोन्ही हातांत धरली आणि वाचलं:

“चौदा तारखेला वर्गाचं दार बंद होतं. सूर्याला बघायला कोणीच आलं नव्हतं. तरी तो बरोबर बारा वाजता आला होता.”